राहू दे

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरातल्या वस्तूंना पाय फुटतात. माळ्यावरचे हंडे अंगणात येऊन बसतात, माजघरातली फडताळे भिंती सोडून हात-दोन हात पुढे येतात, पाट-पेट्या उन्हात पाठ शेकतात. आणि वर्षभर जे जिथे होते ते तिथे नाही अशा अवस्थेत घरातली माणसे चार दिवस एकमेकांना हाका मारीत फिरतात. गेल्या वर्षी याच गडबडीत ओटीवरचे फणसाचे जुने बाकडे आम्ही दोन हात डावीकडे सरकवले. मागच्या भिंतीला चुना द्यायचा होता. बाकडे जड. मी आणि माझी मुलगी, दोघांनी मिळून ते ढकलले आणि चहा घ्यायला आत गेलो.

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच ओटीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. आवाज फार मोठा नव्हता. त्याच्यामागून एक बारीक केकाटणे ऐकू आले आणि मग सारे शांत झाले. मुलगी कप तसाच टाकून धावली. मी मात्र क्षणभर जागेवरच बसून राहिलो. कारण काय झाले असेल ते मला उठण्यापूर्वीच कळले होते.

ठकी ही आमची कुत्री. ती आंधळी आहे. स्वयंपाकघराच्या दारातून निघायचे, ओटीचा उंबरा ओलांडायचा, बाकड्याच्या डाव्या बाजूने सरळ जायचे, की सात पावलांवर अंगणात उतरणारी पायरी. हा तिचा रोजचा रस्ता. तो तिने स्वतः शोधला होता, नाकाने हुंगून आणि पायांनी मोजून पाठ केला होता. आणि त्या रस्त्याने ती इतक्या ठामपणे चालत असे की नव्या पाहुण्याला ती आंधळी आहे हे सांगावे लागे. त्या दिवशीही ती तशीच ठामपणे निघाली, आणि बाकड्याच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली.

जखम झाली नाही. कपाळावर थोडी सूज आली, ती दुसऱ्या दिवशी उतरलीही. पण ठकी दोन दिवस आपल्या गोणपाटावरून उठली नाही. अंगणात न्यायचे तर उचलून न्यावे लागे. बाकडे आम्ही त्याच क्षणी मूळ जागी नेले होते. परंतु ते तिला कोण सांगणार? मी हाक मारली की ती मान वर करी, शेपूट एकदा जमिनीवर आपटी, आणि मान पुन्हा पंजांवर टेकवी. आपल्याला घर दिसते. तिला घर आठवते. आम्ही नुसते एक बाकडे सरकवले होते. तिच्या लेखी सबंध घरच खोटे ठरले होते.

त्या दोन दिवसांत मी पुष्कळ विचार केला. आपल्यावर सर्वस्वी विसंबून असलेल्या मुक्या जिवाचे आपण नेमके काय देणे लागतो? दया? पैसा? की आणखी काही? प्रश्न कुत्रीच्या निमित्ताने पडला. परंतु तो कुत्रीपुरता नाही, असे मला अजूनही वाटते.

ठकी आमच्याकडे आली त्याला दहा वर्षे झाली. मिरगाचा पाऊस कोसळत होता. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. रस्त्याच्या मोरीत अडकलेले एक पिल्लू तिने फ्रॉकच्या घोळात घालून घरी आणले. पिल्लू कसले, ओल्या चिंधीचा गोळाच तो! बायकोने कपाळाला हात लावला. मी शाळेतला आवाज काढून 'जिथून आणलेस तिथे ठेवून ये' असे फर्मावले. तेव्हा आई जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाली, "राहू दे रे. एवढ्या पावसात कुठे जाईल ते?" आणि पिल्लू राहिले. आई आज नाही. पण तिचे ते दोन शब्द अजून घरात आहेत, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

ठकी वर्षाची झाली तेव्हा तालुक्याच्या पशुवैद्यांनी तिची नसबंदी करून घ्या म्हणून सुचवले होते. मी ते मनावर घेतले नाही. "कशाला त्या बिचारीला कापायचे?" असे मी म्हणालो, आणि म्हणताना आपण मोठे दयाळू आहोत असेही मला वाटले. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करून ठेवतो.

मग दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ठकीला तहान लागू लागली. भांडे भरून ठेवावे आणि घटकाभरात ते रिकामे व्हावे. रात्री ती ओटीवरच लघवी करू लागली. आठ वर्षांत तिने असे कधी केले नव्हते. मी रागावलो, एकदा गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने तिला मारलेही. खाणे दुप्पट झाले होते आणि बरगड्या मोजता येत होत्या. शेवटी रिक्षात घालून तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी लघवी तपासली, रक्त तपासले, आणि म्हणाले, "मास्तर, हिला मधुमेह झाला आहे."

गावात ही बातमी विनोद म्हणून पसरली. "कुत्र्याला डायबेटीस? मग मास्तर, तिला चहा कोण पाजत होते?" असे मला नाक्यावर विचारण्यात आले. मीही हसलो. परंतु डॉक्टरांनी समजावले ते हसण्यासारखे नव्हते. कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या मुलांना होणाऱ्या मधुमेहासारखा असतो. त्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन पुरेसे येतच नाही, त्यामुळे गोळ्यांनी भागत नाही. जगेल तोवर रोज दोनदा, बारा-बारा तासांनी, इन्सुलिन टोचावे लागते. नसबंदी न केलेल्या माद्यांना हा रोग होण्याचा धोका अधिक असतो. माज येऊन गेल्यावर त्यांच्या शरीरात जी संप्रेरके वाढतात, ती इन्सुलिनला त्याचे काम करू देत नाहीत. डॉक्टरांनी हे सारे सहज सांगितले. सात वर्षांपूर्वीचे आमचे बोलणे त्यांना आठवत नव्हते. मला आठवत होते.

डोळे पुढच्या पाच महिन्यांत गेले. प्रथम बुबुळांत निळसर धुके दिसू लागले. मग ते दाटत दाटत शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखे पांढरे झाले. रक्तातली साखर डोळ्याच्या भिंगात शिरते, तिथे तिचे निराळ्या प्रकारच्या साखरेत रूपांतर होते. ती भिंगातून बाहेर पडू शकत नाही आणि पाणी मात्र ओढून घेत राहते. भिंग फुगते, त्याचे तंतू तुटतात, मोतीबिंदू पिकतो. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांच्या वाट्याला हे वर्षभरातच येते. मांजरांच्या वाट्याला मात्र सहसा येत नाही. मोठ्या शहरांत यावर शस्त्रक्रिया होते. मी चौकशी केली, खर्च ऐकला. आणि डोळ्यांच्या आतली सूज पाहून डॉक्टरांनीही फारशी आशा दाखवली नाही. खरे सांगायचे तर त्यांनी आशा दाखवली नाही याचे मला थोडे बरेच वाटले.

त्यानंतर सल्ले येऊ लागले. सल्ला देणारी माणसे वाईट नव्हती, म्हणूनच ते सल्ले मनाला टोचले. आमच्या शेजारचे भाऊ जन्मभर गुराढोरांत वावरलेले. ठकीला खांबाशी चाचपडताना पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "मास्तरानू, सोडवा आता तिका. कित्याक हाल करतास?" तालुक्याला नेले असते तर हे काम एका सुईत झाले असते. भाऊंच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता. होती ती निखळ दया.

दुसरा सल्ला शाळेतल्या एका सहकाऱ्याचा. ते म्हणाले, "तुमच्याच वर्गात चार मुले अनवाणी येतात, आणि तुम्ही कुत्र्याच्या औषधावर महिन्याच्या महिन्याला पैसे घालवता. हे कुठल्या नीतीत बसते?" हा प्रश्न मी झटकून टाकू शकलो नाही. आजही शकत नाही. त्याच वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा दहावीच्या परीक्षेच्या फीसाठी माझ्याकडे आला होता. मी त्याला पैसे दिले. परंतु एरवी दिले असते त्याच्या निम्मेच. उरलेले त्याने कुठून आणले ते मी विचारले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही.

या गोष्टीवर मी अनेकदा स्वतःचीच उलटतपासणी घेतली आहे. ठकीला टोचलेल्या औषधाचे पैसे त्या मुलाच्या तोंडचे काढून घेतलेले होते काय? हिशेब मांडताना एक मौजेची, किंवा खरे म्हणजे लाजेची, गोष्ट माझ्या लक्षात आली. त्याच महिन्यात मी स्वतःसाठी दोन नवे सदरे शिवले होते. ते सदरे या वादात कोणीच आणले नाहीत. माझ्या सहकाऱ्यांनी नाहीत आणि मीही नाही. तराजूच्या एका पारड्यात गरीब मूल घातले की दुसऱ्या पारड्यात नेहमी कुत्रेच का घातले जाते? आपले सदरे, आपला चहा, आपल्या मुलीच्या वाढदिवसाचा केक त्यात का चढत नाही? याचा अर्थ माझी सुटका झाली असा नाही. मुलाला निम्मेच पैसे दिले हे चुकलेच. पण ती चूक ठकीच्या नावावर मांडणे ही दुसरी चूक झाली असती.

या काळात मी इन्सुलिनचा इतिहास वाचला. औषधाची ती चिमुकली बाटली रोज हातात धरायची आणि ती आली कुठून हे ठाऊक नसावे, याचे मास्तरकीच्या सवयीमुळे वाईट वाटत होते. वाचले आणि हात थोडा जड झाला. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की या दोघा संशोधकांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. तो कुत्रा शिकवलेला होता, तरीही तो प्रयोगशाळेच्या जमिनीवर वारंवार लघवी करू लागला, असे सांगतात. आणि ती तपासली तेव्हा तीत साखर सापडली. मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे जगाला असे कळले. त्या कुत्र्याच्या लघवीने विद्येचे एक दार उघडले. माझ्या कुत्रीच्या लघवीवर मला सुचले ते वर्तमानपत्र गुंडाळणे!

पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटो येथे बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि बेस्ट हा त्याचा विद्यार्थी-साहाय्यक यांनी पुन्हा कुत्र्यांवरच प्रयोग केले. काही कुत्र्यांचे स्वादुपिंड काढायचे, आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क त्यांना टोचायचा. कितीतरी कुत्री त्यात गेली. मार्जोरी नावाची एक कुत्री त्या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोच्याच इस्पितळात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली गेली. शुद्ध केलेल्या अर्काची दुसरी सुई त्याच महिन्यात दिली गेली आणि मुलगा सावरला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या नात्यागोत्यात जे जे कोणी इन्सुलिनवर सुखाने दिवाळी साजरी करीत असतील, त्या सर्वांच्या आयुष्यात त्या अनाम कुत्र्यांचा वाटा आहे.

हे वाचल्यावर मला प्रथम वाटले, सापडले उत्तर! हे ऋण आहे. आपल्याकडे गृहस्थाने रोज करावयाच्या पाच यज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. जेवणापूर्वी मुक्या प्राण्यांसाठी घास काढून ठेवायचा. ज्यांच्या जिवावर औषध मिळाले त्यांच्यातल्या एकीला ते औषध द्यायचे, यात उपकार कसला? ही तर परतफेड. चार दिवस मी या विचाराने मोठा समाधानात होतो. परंतु एकदा पहाटे पावसात उठून सुई भरताना लक्षात आले की, ऋणाची कल्पना मला भाषणाला पुरेल, पहाटे उठायला पुरत नाही. मार्जोरीचे ऋण ठकीला फेडता येते काय? आणि येत असेल तर गावातल्या प्रत्येक भटक्या कुत्र्याला का नको? सबंध मानवजातीचे ऋण सगळ्यांचेच असते, आणि जे सगळ्यांचे असते ते पहाटे साडेपाचला कोणाचेच नसते.

मग मी आपल्या जुन्या गोष्टींकडे वळलो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातला युधिष्ठिर आणि त्याच्यामागून चालत आलेला कुत्रा आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला टाकून चल म्हणतो, आणि युधिष्ठिर नकार देतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला तिचा शेवट आवडे. कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म निघतो तो. आता मला तिच्यातले एक वेगळेच ठिकाण महत्त्वाचे वाटते. इंद्र त्याला विचारतो की, द्रौपदीला आणि भावांना तू वाटेत सोडून आलास, मग या कुत्र्याचाच मोह का? त्यावर युधिष्ठिराचे उत्तर असे आहे की, ते मेलेले होते. मेलेल्यांना मी परत आणू शकत नव्हतो. ते जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हा जिवंत आहे, आणि माझ्या आश्रयाला आलेला आहे.

या उत्तरात दयेचा शब्द मुख्य नाही. कुत्रा गोंडस आहे, मुका आहे, थकलेला आहे, असे युधिष्ठिर सांगत बसत नाही. तो म्हणतो, हा माझ्या आश्रयाला आहे. बस्स. आणि मला आईचे शब्द आठवले. 'राहू दे.' मोरीतल्या पिल्लाला घरात ठेवून घेताना आम्ही त्याच्यावर फार मोठे उपकार करीत आहोत असे आम्हाला वाटले होते. खरे तर त्या क्षणी आम्ही एक वचन देत होतो. रानात, गल्लीत, बाजारात वाढली असती तर ठकी स्वतःच्या नाकावर आणि दातांवर जगली असती, आणि त्याच नियमाने मेली असती. आम्ही तिला तिथून उचलले, आमच्या वेळेला जेवायला शिकवले, आमच्या दारात झोपायला शिकवले. तिचे स्वतःवर जगणे आम्ही संपवले. जगातल्या सर्व दुःखांना मी बांधलेला नसेन; परंतु ज्याला मीच माझ्यावर विसंबायला लावले त्याला मी बांधलेला आहे. वर्गातल्या त्या मुलालाही मी याच न्यायाने बांधलेला होतो. म्हणून तर ती निम्मी फी अजून टोचते.

दुसरी गोष्ट नामदेवांची. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मुलांना ही गोष्ट सांगताना मी आजवर शेकडो वेळा रंगून गेलो आहे. आता सांगताना मनात एक खट्याळ प्रश्न येतो. नामदेवांना ती वाटी रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, थंडीतापात, शाळेच्या तपासणीच्या दिवशी, घरात पाहुणे असताना, दोन-तीन वर्षे न्यावी लागली असती तर? उत्तर उघड आहे. त्यांनी ती नेलीच असती. ते नामदेव होते. मी नामदेव नव्हे. म्हणून मला घड्याळ लागते.

घड्याळाचे महत्त्व मला एका चुकीने पटले. आधी खाणे, मग सुई, हा डॉक्टरांनी घालून दिलेला क्रम. जनावराने खाल्ले नाही आणि इन्सुलिन मात्र पोटभर दिले, तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. मग हातपाय थरथरतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. एका संध्याकाळी मला शाळेच्या सभेला जायची घाई होती. ठकी बिचारी फार गरीब दिसत होती. मी तिला जवळ घेतले, पाठीवरून हात फिरवला, दोन शब्द गोड बोललो, सुई टोचली, ताटली पुढे सरकवली आणि ती खाते आहे की नाही हे न पाहताच निघून गेलो. नऊ वाजता परतलो तेव्हा ठकी ओटीवर आडवी पडली होती, पाय झाडीत होती, आणि माझी बायको तिच्या हिरड्यांना बोटाने मध चोळीत होती. ताटली जशीच्या तशी भरलेली. अर्ध्या तासाने ठकीने मान उचलली. बायको मला काही बोलली नाही. तिने मधाची बाटली माझ्या हातात दिली आणि ती आत गेली.

त्या संध्याकाळी माझ्याजवळ दयेची वाण नव्हती. उलट नेहमीपेक्षा ती जास्तच होती. कमी होता तो नेम. सात वर्षांपूर्वी 'कशाला बिचारीला कापायचे' म्हणालो तेव्हाही दया होती. भाऊंच्या 'सोडवा'मध्येही दयाच आहे. दयेला मी नावे ठेवीत नाही. ती नसती तर मोरीतले पिल्लू मोरीतच राहिले असते. परंतु दया ही पाहुण्यासारखी आहे. येते तेव्हा घर भरून टाकते, आणि जाते तेव्हा सांगून जात नाही. दमलेल्या, चिडलेल्या, झोपमोड झालेल्या माणसाच्या घरी ती फिरकत नाही. आणि सुई तर त्या दिवशीही टोचावीच लागते.

मी स्वतःला फार सावरून घेतो आहे असे वाटू नये म्हणून हेही सांगतो की, एका रात्री, तिसऱ्यांदा ओटी पुसताना, ही मेली तर बरे होईल असे माझ्या मनात स्वच्छपणे येऊन गेले. त्या रात्री मला तिची दया मुळीच आली नाही. पण सकाळी सहाला मी उठलो, ताटली ठेवली, ती खाईपर्यंत उभा राहिलो, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. नेमाने मला माझ्यापासून वाचवले. आमच्या जुन्या बायका नेम-धर्म हा जोडशब्द वापरीत. त्यातला नेम हा शब्द मी फार दिवस केवळ उपासतापासांचा समजत होतो.

शिक्षकाच्या धंद्यातही हेच खरे नाही काय? महिन्यातून एकदा मुलांवर जीव ओवाळून टाकणारा मास्तर मुलांना आवडतो. पण ज्या मुलाच्या घरी रोजच काहीतरी सरकलेले असते, बाप कधी असतो कधी नसतो, चूल कधी पेटते कधी पेटत नाही, त्या मुलाला आधार वाटतो तो घंटेबरोबर वर्गात येणाऱ्या मास्तरचा. ओव्या गाता येत नसल्या तरी चालेल. त्याची खुर्ची जिथल्या तिथे असली पाहिजे.

आता राहिला भाऊंचा प्रश्न. सोडवावे की नाही? मरणाचा विषयच नको असे मी म्हणत नाही. तसा दिवस येऊ शकतो. परंतु आपण कोणाचे हाल थांबवतो आहोत हे आधी नीट पाहिले पाहिजे. आंधळे होणे म्हणजे काय याची कल्पना आपण आपल्या डोळ्यांवरून करतो. वाचन गेले, माणसांचे चेहरे गेले, सूर्यास्त गेला. ठकीने आयुष्यात कधी सूर्यास्ताकडे पाहिलेले मला आठवत नाही. तिचे जग मुख्यतः नाकाचे. कोळीण वळणावर असतानाच ती आजही पायरीवर जाऊन बसते, आणि टोपलीत बांगडा आहे की पेडवे हे आमच्याआधी तिला कळत असावे असा तिचा चेहरा असतो. पहिल्या पावसाचा वास आला की ती नाक वर करून इतकी स्वस्थ उभी राहते की मला तिचा हेवा वाटतो. चाचपडताना तिला पाहून हाल होतात ते आपले. आपल्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून तिचा जीव घ्यायचा, याला 'सोडवणे' म्हणता येईल. पण सुटका कोणाची होते?

ज्या दिवशी तिला वासाचीही गोडी उरणार नाही, हाकेला शेपूट हलणार नाही आणि वेदना औषधाने आवरणार नाहीत, त्या दिवशी मी भाऊंनाच बरोबर घेऊन तालुक्याला जाईन. तेव्हाही ती सुई मी दयेच्या लाटेत टोचू देणार नाही. रोजच्यासारखा तिच्याजवळ बसेन, आधी हाक मारीन आणि मग हात लावीन. आंधळ्या जनावराला आधी हाक मारल्याशिवाय स्पर्श करायचा नाही, ते दचकते, हा आमच्या घरातला नियम आहे. शेवटच्या दिवसालाही तो लागू राहील.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी ठकी उठली. मुलीने युक्ती केली होती. तिने उंबऱ्यापासून पायरीपर्यंत जुनी घोंगडी अंथरली आणि स्वतः पायरीवर बसून तिला हाका मारीत राहिली. ठकी एक पाऊल टाकी, थांबे, हवेत नाक फिरवी, पुन्हा एक पाऊल. सात पावलांना तिला पाव तास लागला. बाकड्यापाशी आली तेव्हा तिने त्याचा पाय बराच वेळ हुंगला. तिथेच आहे याची तिने खात्री करून घेतली असावी. मग ती पुढे गेली आणि मुलीच्या मांडीवर डोके ठेवून मटकन बसली. फटाक्यांच्या चारही रात्री मुलगी तिला घेऊन आतल्या खोलीत दारे लावून बसली. ज्याचे सारे जग कानांत आणि नाकात आहे त्याला त्या आवाजांचे काय होत असेल हे आपल्याला कळणे कठीण.

यंदाही घर काढायला सुरुवात झाली आहे. हंडे अंगणात आले, फडताळे पुढे सरकली. पण ठकीच्या वाटेवरचे काही हललेले नाही. काल चुना द्यायला गडी आला. त्याने ओटीवरच्या बाकड्याला हात घातला आणि म्हणाला, "मास्तर, ह्या जरा बाजूक घेऊया?"

मी काही बोलण्याआधीच माझी मुलगी आतून म्हणाली, "राहू दे."

बाकड्यामागची भिंत तेवढी जुन्या रंगाची राहिली आहे. फराळाला येणाऱ्या मंडळींना ती दिसेल. ठकी आत्ता तिच्याच अंगाने गेली, सात पावले, आणि पायरीवर जाऊन बसली. साडेपाच वाजले आहेत. मला उठले पाहिजे.